विश्लेषण : ‘नुसता हात तर लागला!’ नकोसा स्पर्श ‘किरकोळ’ ठरवणार कोण?

इंदूरच्या रस्त्यावर ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटू आणि मेक्सिको सिटीच्या रस्त्यावर त्या देशाच्या अध्यक्ष. अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या या घटनांनंतर चर्चा झाली ती त्या पायी का निघाल्या, सोबत सुरक्षा का नव्हती याची. काही सेकंदांच्या स्पर्शाने एवढे काय बिघडते, हा प्रश्न पुरुषांना पडतो आणि बायकांना पडत नाही. असे का होते? कायदा या स्पर्शाकडे कसा पाहतो? आणि एकाच शहरात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांचा सुरक्षिततेचा हिशेब इतका वेगळा का असतो?

नेमके काय घडले?

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषक स्पर्धेसाठी इंदूरला आलेल्या ऑस्ट्रेलिया संघातील दोन खेळाडू हॉटेलातून निघून जवळच्या कॅफेकडे चालत जात होत्या. वेळ दिवसाची, रस्ता वर्दळीचा. मोटारसायकलवरून एक जण त्यांच्या मागे लागला, अंगचटीला आला आणि पसार झाला. खेळाडूंनी संघाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला संदेश पाठवला. रस्त्यावरच्या एका माणसाने मोटारसायकलचा क्रमांक टिपून ठेवला होता, त्यावरून पोलिसांनी संशयिताला पकडले. एवढ्यावर प्रकरण तपासाच्या मार्गाला लागले असते. पण मध्य प्रदेशचे मंत्री कैलास विजयवर्गीय यांनी, खेळाडूंनी बाहेर पडण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला कळवायला हवे होते, त्यांनीही यातून धडा घ्यावा, अशा आशयाचे विधान केले आणि वाद पेटला. कॉफी प्यायला जाण्याआधी प्रशासनाला कळवा, असा सल्ला पुरुषांच्या संघाला कधी कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

ही स्पर्धा २ नोव्हेंबरला नवी मुंबईत संपली, भारताच्या मुली जगज्जेत्या झाल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, मेक्सिकोच्या अध्यक्ष क्लॉडिया शेनबॉम राष्ट्रीय राजवाड्यातून शिक्षण मंत्रालयाकडे पायी निघाल्या होत्या. गाडीने वीस मिनिटे लागली असती, चालत पाच मिनिटांचा रस्ता. लोकांना भेटत, हात मिळवत जात असताना दारूच्या नशेतील एका माणसाने मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात टाकला, मानेचे चुंबन घेण्याचा प्रयत्न केला, छातीकडे हात नेला. हे सारे मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपले गेले. चित्रफितीत शेनबॉम त्याचा हात बाजूला करतात आणि ‘काळजी करू नका’ अशा अर्थाचे काही तरी हसतमुखाने बोलताना दिसतात. काय घडले याचा पुरता उलगडा आपल्याला नंतर चित्रफीत पाहून झाला, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर तक्रार केली. अध्यक्षांच्या बाबतीत हे होत असेल तर देशातल्या इतर मुलींचे काय, हा त्यांचा सवाल जगभर गाजला. त्यांच्या बोलण्यातील आणखी एक तपशील मात्र फारसा चर्चेत आला नाही : त्याच माणसाने नंतर रस्त्यावरच्या इतर महिलांनाही त्रास दिला होता. सुरक्षिततेच्या हिशेबात तो फार महत्त्वाचा आहे.

न्यायालयांनी ‘किरकोळ’ची मोजपट्टी कशी लावली?

स्पर्श किती मोठा, किती वेळ, कपड्यांवरून की कातडीला, हे मोजण्याचा मोह न्यायालयांनाही अनेकदा झालेला आहे.

भारतातले सर्वांत गाजलेले उदाहरण रूपन देओल बजाज यांचे. १८ जुलै १९८८ रोजी चंडीगडमधील एका पार्टीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी सर्वांदेखत बजाज यांच्या पार्श्वभागावर चापट मारली. बजाज स्वतः आयएएस अधिकारी. गिल हे दहशतवादाविरुद्धच्या मोहिमेमुळे ‘सुपरकॉप’ म्हणून देशभर नावाजले जात होते. वरिष्ठांकडे दाद मागून काही होईना, तेव्हा बजाज यांनी पोलिसांत तक्रार केली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ती रद्द केली. त्यासाठी आधार घेतला तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९५ चा. कोणताही सामान्य समजूतदार माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी म्हणजे गुन्हा नव्हे, असे हे कलम सांगते. गर्दीत कोणाचा पाय पायावर पडला तर खटला भरता येऊ नये, अशा गोष्टींसाठी केलेली ही तरतूद. ती एका महिला अधिकाऱ्याच्या अंगाला केलेल्या स्पर्शाला लावली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर १९९५ रोजी हा निकाल फिरवला आणि स्त्रीच्या विनयभंगाच्या गुन्ह्याला ‘क्षुल्लक’चे कलम लागूच होऊ शकत नाही, असे बजावले. १९९६ मध्ये गिल दोषी ठरले. पुढे अपिलात तुरुंगवासाऐवजी परिवीक्षा आणि दंड झाला, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. बजाज यांनी भरपाईचे पैसे स्वतः घेतले नाहीत. एका चापटीसाठी सतरा वर्षे, असा हिशेब तेव्हा अनेकांनी टोमण्याच्या सुरात मांडला होता. पण सतरा वर्षे लागली ती चापट लहान होती म्हणून नव्हे, ती लहान आहे असे सगळ्यांनी धरून चालल्यामुळे.

दुसरे उदाहरण नागपूरचे. पेरू देतो असे सांगून १२ वर्षांच्या मुलीला घरात नेऊन तिची छाती दाबणाऱ्या माणसाला सत्र न्यायालयाने ‘पॉक्सो’ कायद्याखाली तीन वर्षांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी, मुलीचे कपडे काढलेले नव्हते, कातडीचा कातडीला स्पर्श झाला नाही, म्हणून ‘पॉक्सो’तील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. त्याविरुद्ध तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकष मान्य केला तर शल्यचिकित्सेचे हातमोजे घालून कोणीही असे कृत्य करील आणि सुटेल, हा त्यांचा युक्तिवाद सामान्य माणसालाही पटणारा होता. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूर खंडपीठाचा निकाल रद्द केला. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, मध्ये कापड होते की नव्हते याला नाही, असे त्यात स्पष्ट झाले.

इटलीत तर घड्याळच लावले गेले. रोममधील एका शाळेतील ६६ वर्षांच्या कर्मचाऱ्याने जिना चढणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या पॅन्टमध्ये मागून हात घातला. स्पर्श केल्याचे त्याने नाकारले नाही, फक्त ती गंमत होती म्हणाला. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. स्पर्श पाच ते दहा सेकंदांचा होता, त्यात रेंगाळणे नव्हते, हे त्यामागचे एक कारण. त्यानंतर इटलीतील तरुण-तरुणींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर दहा सेकंद मोजण्याच्या चित्रफिती प्रसृत केल्या. दहा सेकंद किती लांब असतात, हे पाहणाऱ्याला शब्दांशिवाय कळत होते.

मोजपट्टीचा हा मोह अजून सुटलेला नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी एका अल्पवयीन मुलीची छाती पकडणे आणि तिच्या पायजम्याची नाडी तोडणे हा बलात्काराचा प्रयत्न ठरत नाही, असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाला नऊ दिवसांत त्याला स्थगिती द्यावी लागली.

आजचा कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने कलम ३५४ आता कलम ७४ झाले आहे. विनयभंगाच्या हेतूने, किंवा आपल्या कृतीने विनयभंग होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, स्त्रीवर हल्ला किंवा बलप्रयोग करणे हा गुन्हा. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. २०१३ पूर्वी या गुन्ह्याला कमाल शिक्षाच दोन वर्षे होती आणि नुसत्या दंडावरही सुटता येत असे. कलम ७५ मध्ये नको असलेली शारीरिक जवळीक, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी वगैरे प्रकार येतात. कलम ७८ पाठलागासाठी, तर शब्द वा हावभावांतून होणाऱ्या अपमानासाठी ७९. ‘क्षुल्लक हानी’चे कलम ९५ मात्र नव्या संहितेत ३३ या क्रमांकाने जसेच्या तसे आलेले आहे.

कलम ७४ मध्ये ‘हेतू’च्या जोडीला ‘माहीत असणे’ही आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. ‘माझ्या मनात तसे काही नव्हते’ हा बचाव त्यामुळे पुरेसा ठरत नाही. मागून चापट मारली तर समोरच्या स्त्रीला काय वाटेल हे कोणत्याही प्रौढ माणसाला कळते, असे कायदा धरून चालतो.

‘विनयभंग’ हा शब्द मात्र थोडा विचार करण्यासारखा आहे. मराठी वर्तमानपत्रांत तो रोज छापून येतो, इतका की त्याची धार गेली आहे. शब्दशः पाहिले तर भंगतो तो बाईचा विनय. हात दुसऱ्याचा, मोडतोड मात्र तिच्या लाजेची. १९६६ च्या एका खटल्यात, साडेसात महिन्यांच्या बाळाला ‘विनय’ असतो का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. स्त्रीचा विनय तिच्या स्त्री असण्यातच असतो, तो वयावर किंवा तिला काय समजते यावर अवलंबून नाही, असे उत्तर बहुमताने द्यावे लागले. तरीही शब्द तोच राहिला. बोलण्यात तर त्याहून सौम्य ‘छेडछाड’ चालतो आणि कॉलेजच्या कट्ट्यावर ‘चान्स मारणे’.

कामाच्या ठिकाणचा २०१३ चा कायदा या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. त्यात विनय नाही, ‘नको असलेले’ वर्तन आहे. म्हणजे वागणे समोरच्या स्त्रीला हवे होते की नाही, इथून मोजणी सुरू होते. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका कंपनीतील प्रकरणात हेच अधोरेखित केले : करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ते वागणे समोरच्या स्त्रीपर्यंत कसे पोहोचले, याला या कायद्यात महत्त्व आहे.

‘सगळे पुरुष तसे नसतात’, मग सगळ्या बायकांना अनुभव कसा?

या विषयावरची घरगुती चर्चा बहुतेक वेळा इथे अडते. बाप, भाऊ, नवरा मनापासून म्हणतो की माझ्या ओळखीत असे कोणी नाही. आई, बहीण, बायको सांगते की तिच्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकीला कधी ना कधी हा अनुभव आलेला आहे. दोघांपैकी एक जण खोटे बोलतो आहे, असे वाटू लागते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

समजा, दादरच्या पुलावर रोज जाणारा एक माणूस गर्दीचा फायदा घेऊन दिवसाला एकीला हात लावतो. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर तीनशे स्त्रिया झाल्या. पुरुष एक, अनुभव तीनशे. त्या पुलावरचे बाकीचे हजारो पुरुष निर्दोष आहेत आणि त्यांना काही दिसलेलेही नाही, कारण हात कमरेच्या खाली, दोन सेकंद आणि गर्दीत फिरतो. मेक्सिकोतील त्या माणसाने एकाच दिवशी अध्यक्षांसह अनेकींना त्रास दिला, तो तपशील महत्त्वाचा आहे तो यासाठी. पुरुष गुन्हेगार मोजतात आणि ते थोडे भरतात, स्त्रिया प्रसंग मोजतात आणि ते पुष्कळ निघतात.

शिवाय त्या तीनशेतल्या प्रत्येकीला तो माणूस चेहऱ्याने माहीत नसतो. दुसऱ्या दिवशी तोच पूल चढताना मागचा कोणता हात तसा असेल हे तिला ओळखता येत नाही. म्हणून ती सगळ्याच हातांपासून अंतर ठेवते. बॅग पुढे छातीशी धरायची, कोपर बाहेर काढायचे, कठड्याच्या बाजूने चालायचे, ओढणीला लावलेली सेफ्टी पिन हाताशी ठेवायची. निर्दोष पुरुषाला हा आपल्यावरचा संशय वाटतो, तिला मात्र ही रोजची काळजी.

एकच रस्ता दोघांना वेगळा दिसतो का?

अगदी शब्दशः. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ५७० जणांना विद्यापीठांच्या आवारातील रस्त्यांची छायाचित्रे दाखवली आणि इथून चालत जात असाल तर नजर कुठे जाईल तिथे क्लिक करा, असे सांगितले. पुरुषांच्या खुणा प्रामुख्याने समोरचा रस्ता, दिवा, पोहोचायची जागा इथे एकवटल्या. स्त्रियांच्या खुणा कडेला पसरल्या : झुडपे, अंधारे कोपरे, रस्त्यालगतच्या सावल्या. पुरुष कुठे जायचे ते पाहत होता आणि स्त्री कुठून कोणी येईल ते.

गुन्हेशास्त्रात यावर एक जुना पेच आहे. खून, मारामारी, रस्त्यावरची हिंसा यांचे बळी पुरुष अधिक असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरातील खुनांच्या बळींत ८१ टक्के पुरुष होते. तरी भीती मात्र स्त्रियांना जास्त वाटते. मग स्त्रियांची भीती अवाजवी का? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ केनेथ फेरारो यांनी १९९६ मध्ये याचे उत्तर ‘लैंगिक हल्ल्याची सावली’ या कल्पनेने दिले. पुरुषाला पाकीटमार भेटला तर भीती पाकिटापुरती असते. स्त्रीच्या बाबतीत कोणताही लहान प्रसंग, म्हणजे वाट विचारणारा, मागे येणारा, धक्का देणारा, पुढे कुठवर जाईल याची खात्री नसते. त्यामुळे प्रत्येक लहान प्रसंगावर मोठ्या प्रसंगाची सावली पडते. दोन सेकंदांच्या स्पर्शाने एवढे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ते दोन सेकंद संपल्यावरच संपले हे कळते, चालू असताना नव्हे.

अर्थात भीतीचा नकाशाही अचूक नसतो. तो रस्त्याकडे बोट दाखवतो आणि घर मोकळे सोडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत महिलांवरील गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणे नोंदली गेली. त्यांत विनयभंगाच्या हेतूने झालेले हल्ले १८.७ टक्के होते, तर पती व नातेवाइकांकडून होणारी क्रूरता ३१.४ टक्के. नकोसा स्पर्श करणारेही अनेकदा अनोळखी नसतात. काका, शेजारी, शिकवणीचे सर, वरिष्ठ, लग्नघरातले पाहुणे. तिथे तर गर्दीचीही सबब नसते आणि ओरडण्याची सोयही नसते.

याची किंमत कोण आणि किती मोजते?

अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची महाविद्यालयाची निवड आणि प्रवासाचा मार्ग यांचा अभ्यास केला. अधिक सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुली वरच्या दर्जाचे महाविद्यालय सोडून बरेच खालच्या दर्जाचे स्वीकारायला तयार असल्याचे त्यात दिसले. मुलांमध्ये ही तडजोड अगदीच थोडी होती. पैशांत सांगायचे तर सुरक्षित मार्गासाठी मुली मुलांपेक्षा जी जादा रक्कम मोजायला तयार होत्या, ती सरासरी वार्षिक शुल्काच्या दुप्पट भरत होती. गुण सारखे असूनही मुलगी साध्या महाविद्यालयात दिसली की तिची महत्त्वाकांक्षा कमी, असा अर्थ लावला जातो. बसचा मार्ग क्रमांक कोणी पाहत नाही.

ही किंमत गुन्ह्यांच्या आकड्यांत कधीच येत नाही. जी मुलगी शेवटची लोकल टाळते, जी संध्याकाळची शिकवणी सोडते, जिला ‘सातच्या आत घरात’ या अटीवर नोकरी करू दिली जाते, तिच्या बाबतीत गुन्हा घडत नाही आणि कागदावर तो परिसर सुरक्षित ठरतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलांना रात्री साडेनऊनंतर काम देता येते, मात्र त्यांच्या संमतीने आणि पुरेशा संरक्षणाच्या अटीवर. कायद्याने दार उघडले, पण रात्री एक वाजता स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहण्याचा प्रश्न कायद्याच्या दाराबाहेरच राहतो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात हे वेगळ्या बाजूने मांडले होते. मुंबईत बाई रस्त्यावर दिसते, पण ती नेहमी कुठे तरी निघालेली असते. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई, म्हणजे आपण कामाने बाहेर आहोत हे सतत दाखवत राहायचे. पुरुष नाक्यावर, पानाच्या ठेल्याशी, पुलाच्या कठड्याला टेकून नुसता उभा राहू शकतो. बाईने तसे उभे राहायचे म्हटले की सगळ्यांचे डोळे तिच्यावर. इंदूरमध्ये कॅफेकडे चाललेल्या खेळाडूंना विचारला गेलेला प्रश्न याच सवयीतून आलेला आहे.

‘मग ती ओरडली का नाही?’

हा प्रश्न पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि घरात सर्वांत आधी येतो. धोक्याच्या क्षणी शरीर प्रतिकार करते किंवा पळते, असे आपण मानतो. तिसरी प्रतिक्रिया गोठण्याची असते. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात जखडल्यासारखे झाल्याचे सांगितले. बलात्कार आणि बसमधला स्पर्श यांची तुलना होऊ शकत नाही. पण गप्प राहणे म्हणजे हरकत नसणे, हा तर्क गंभीर गुन्ह्यातही टिकत नसेल, तर दोन सेकंदांच्या प्रसंगात तो कसा टिकावा?

त्यात आणखी एक अडचण असते ती खात्रीची. खरेच लावला की धक्क्याने लागला? पहिल्या क्षणी हा संशय तिच्याच मनात येतो. तो मिटेपर्यंत हात गेलेला असतो. शेनबॉम यांच्याभोवती माणसे होती, कॅमेरे होते, सत्ता होती. तरी त्या क्षणी त्या हसल्या आणि सौजन्याने बोलल्या. प्रसंग वाढू नये म्हणून हसून वेळ मारून नेणे हे लहानपणापासून अंगी बाणवलेले कौशल्य असते. पुढे त्याच हसण्याची चित्रफीत पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध दाखवली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती.

पुरुषांना असा अनुभव येतच नाही का?

येतो, आणि त्याबद्दल बोलणे तर आणखी अवघड असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. ‘पॉक्सो’ कायदा म्हणूनच मुलगा-मुलगी भेद करत नाही. अठरा वर्षे पूर्ण होताच मात्र हे कवच गळून पडते. कलम ७४ स्त्रीसाठीच आहे. जुने कलम ३७७ नव्या संहितेत आलेच नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर दुखापत, बलप्रयोग अशा सर्वसाधारण कलमांवर भागवावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राकडे याबाबत विचारणाही केली होती.

फरक पडतो तो पुढच्या आयुष्यात. मुलगा वयात आला, अंगापिंडाने भरला की बहुतेकदा तो या धोक्याच्या कक्षेबाहेर जातो आणि झालेले विसरायला शिकतो. मुलगी वयात येते तेव्हा तिचा धोका सुरू झाल्याची दवंडी घरातच पिटली जाते. लहानपणी एसटीत किंवा जत्रेत असा अनुभव आलेल्या पुरुषाने तो आठवून पाहिला, तर समोरच्या बाईचे म्हणणे समजायला त्याला आकडेवारी लागणार नाही.

महिला डबा, सीसीटीव्ही, पथके : कितपत उपयोग?

चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांची लोकल ५ मे १९९२ रोजी सुरू झाली. दिल्ली मेट्रोत पहिला डबा महिलांसाठी राखला गेला तो २०१० मध्ये. मुंबईच्या नोकरदार बाईला विचारले तर महिला डब्याविना आयुष्याची कल्पनाही ती करू शकणार नाही. तिथे भाजी निवडता येते, डुलकी काढता येते, कोपर आत घेता येते. पण डबा फलाटावर संपतो, पुढे जिना आणि पूल सगळ्यांचा असतो. शिवाय वेगळ्या डब्याची एक उलटी बाजू आहे. जनरल डब्यात चढलेल्या बाईला ‘तुमचा डबा तिकडे आहे’ असे सुनावले जाते, जणू इथे चढली तर जबाबदारी तिची.

२०१३ च्या निर्भया निधीतून देशभर सीसीटीव्ही, मदतवाहिन्या आणि एक थांबा केंद्रांवर खर्च झाला. मुंबईत पोलीस ठाण्यांची निर्भया पथके आहेत. कॅमेरा गुन्हेगार शोधायला कामी येतो, मात्र गर्दीत कमरेखालचा हात त्याला दिसत नाही. तो दिसतो शेजारी उभ्या असलेल्या माणसाला. इंदूरचे प्रकरण उलगडले ते कोणा यंत्रणेमुळे नव्हे, एका वाटसरूने वेळेवर टिपलेल्या क्रमांकामुळे.

तक्रार करायची तर मुदत किती?

अनेकींना वाटते की त्याच दिवशी गेले नाही तर संपले. तसे नाही. कलम ७४ च्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने न्यायालयाने दखल घेण्यास कालमर्यादा नाही. कलम ७५ आणि ७९ साठी ती तीन वर्षे आहे, कलम ७५ मधील लैंगिक शेरेबाजीसाठी मात्र एकच वर्ष. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात ‘शून्य क्रमांका’ने नोंदवता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. पोलीस मदतीसाठी ११२, रेल्वे प्रवासात १३९, महिला मदतवाहिनी १८१. कामाच्या ठिकाणी मात्र मुदत कमी आहे : घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी ही समिती असणे बंधनकारक आहे आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. समितीच्या सदस्यांची नावे कार्यालयात ठळकपणे लावलेली असली पाहिजेत. आपल्या कार्यालयात ती कुठे लावली आहेत, हे उद्या जाऊन पाहता येईल.